लावलेली झाडं मोजली, जगलेली कोण मोजणार? मध्य प्रदेशाचा पर्यावरणाचा वर्षाचा हिशेब, इंदूरहून

लोकमान्यनगरकर

मंडळी, नमस्कार. धागा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

रविवारी सकाळी पावसाने उघडीप दिली म्हणून वही घेऊन आमच्या कॉलनीच्या बगीच्यात गेलो. सोबत शेजारचे काका, वय ७६, हातात खुरपं. गेल्या वर्षी जुलै २०२४ मध्ये इंदूरने ५१ लाख झाडं लावायचं ठरवलं, तेव्हा आमच्या बगीच्याच्या वाट्याला ४० रोपं आली होती. रोपं लावली त्याच संध्याकाळी मी वहीत लिहून ठेवलं होतं: कडुनिंब १२, करंज १०, जांभूळ ८, कदंब ६, आवळा ४. प्रत्येक रोपाजवळ थांबून काकांनी बुंधा हलवून पाहिला, नखाने साल खरवडून आत हिरवं आहे का बघितलं, आणि मी खूण केली.

जगलेली: कडुनिंब ७, करंज ५, कदंब २, जांभूळ १. आवळा एकही नाही. चाळीसपैकी पंधरा.

बाकीची कशी गेली तेही सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. चार रोपं दिवाळीआधी गेली, पाइप टाकणाऱ्याने चर खणला त्यात. थंडीत फारसं काही बिघडलं नाही. मग एप्रिल लागला. आपली काळी माती पाणी तुटलं की कशी उलते ते माळव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. मेमध्ये भेगेत माझा हात मनगटापर्यंत जात होता. पाण्याचा टँकर पहिले दोन महिने नेमाने आला, पुढे यायचा बंद झाला. आम्ही चार-पाच घरांनी बादल्या वाहिल्या, पण नर्मदेचा नळ एक दिवसाआड, घरातलं पाणीच मोजून वापरायचं. जे एकुलतं जांभूळ जगलं ते कशामुळे, माहीत आहे? कुंपणाला लागून असलेल्या घरातल्या वहिनींनी त्यांच्या आरओ मशिनचं वाया जाणारं पाणी नळीने त्याच्या मुळाशी सोडलं होतं. कुणाला सांगितलं नाही, फोटो काढला नाही. आज ते जांभूळ माझ्या खांद्याला लागतं.

आता मोठ्या हिशेबाकडे येतो. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या वेळी आणि पुन्हा ५ जूनच्या आसपास राज्य सरकार पर्यावरणाची कामगिरी मांडतं. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजच्या टेकडीवर २४ तासांत बारा लाखांवर रोपं लागली, गिनीज बुकात नोंद झाली. शहरातल्या शाळांची मुलं, सैनिक, बचत गटांच्या बायका असे कितीतरी हात त्या मातीत होते. राज्यात आता पाच रामसर स्थळं, म्हणजे रामसर करारात जागतिक महत्त्वाची मानलेली पाणथळं, आहेत: भोपाळचा भोज ताल, शिवपुरीचं साख्य सागर, आपल्या इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर, आणि २०२४ मध्ये तवा. २०२२ च्या गणनेत ७८५ वाघ, देशात सर्वांत जास्त. रीवाचा ७५० मेगावॉटचा सौरप्रकल्प. या सगळ्याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण त्याच्या शेजारी एक आकडा ठेवून पाहा. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था दर दोन वर्षांनी जंगलाचा अहवाल काढते. २०२३ चा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. त्यात देशात सर्वांत जास्त जंगल आपल्या राज्यात, ७७,०७३ चौरस किलोमीटर. ही ओळ सगळ्या भाषणांत आली. त्याच अहवालात आधीच्या अहवालाच्या तुलनेत जंगल आणि जंगलाबाहेरची झाडं मिळून सर्वांत मोठी घटही आपल्याच राज्यात आहे, ६१२ चौरस किलोमीटरची. इंदूर महापालिकेची हद्द साधारण पावणेतीनशे चौरस किलोमीटर. म्हणजे राजवाड्यापासून बायपासच्या पलीकडेपर्यंत, असं अख्खं इंदूर दोनदा मावेल एवढी झाडी दोन वर्षांत कमी झाली. ही ओळ मी कुठल्या भाषणात ऐकली नाही.

आणि हेही लक्षात घ्या की उपग्रहाला रोप दिसत नाही. एक हेक्टर जागेवर किमान १० टक्के भाग झाडांच्या छत्राने झाकलेला असेल तरच ती जागा त्या अहवालात जंगल म्हणून मोजली जाते. आज लावलेलं रोप तिथे उमटायला कित्येक वर्षं लागतात, तोडलेलं झाड मात्र लगेच वजा होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: वर्षाच्या हिशेबात मागच्या वर्षाची झडती हवी. गेल्या वर्षी लावलेल्यातली किती जगली, गेल्या वर्षी साफ केलेला नाला या वर्षी साफ आहे का, गेल्या वर्षी बसवलेली यंत्रणा चालू आहे का. प्रत्येक नव्या आकड्याशेजारी जुन्या आकड्याचं आज काय झालं ते लिहा. आपापल्या भागातलं, डोळ्यांनी पाहिलेलं लिहावं अशी विनंती.

---

सिरपूरचा_बगळा

दादा, पंधरा जगली हे वाचून वाईट वाटलं, पण तुमच्याकडे वही होती म्हणून निदान कळलं तरी.

सिरपूरबद्दल लिहितो. मी तिथे पंधरा वर्षं दर हिवाळ्यात दुर्बीण घेऊन जातो. हा तलाव होळकरांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. पुढे त्याची काय दशा झाली होती ते जुन्या लोकांना ठाऊक आहे: काठावर अतिक्रमण, बेकायदा मासेमारी, झाडतोड, कडेने कचरा. चित्रकार भालू मोंढे आणि त्यांचे सोबती वर्षानुवर्षं तिथे जाऊन उभे राहिले नसते तर आज तिथे प्लॉट पडलेले असते. मोंढे सरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२२ मध्ये सिरपूर रामसर यादीत गेलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही देशातली पहिली दोन 'वेटलँड सिटी' म्हणून मान्य झाली. राज्याच्या हिशेबात शेवटच्या दोन गोष्टी येतात. पहिली, म्हणजे माणसं रोज उठून तिथे गेली ती, येत नाही. तिच्यावाचून पुढच्या दोन झाल्याच नसत्या.

झडती कशी घ्यावी हे पक्ष्यांना विचारा. बदकं कागद वाचत नाहीत. पाणी खराब झालं, जलकुंभी (जलपर्णी) पसरली, काठावर माणसांचा गोंगाट वाढला की ती उतरतच नाहीत. दर जानेवारीत एकाच दिवशी, एकाच वेळी पाचही रामसर तलावांवर पक्षी मोजावेत आणि तो तक्ता सरकारी हिशेबात छापावा. यशवंत सागरच्या बाजूच्या शेतांत सारसाची जोडी दिसते. एका जोडीचं पिल्लू मोठं झालं की नाही, एवढी एक ओळ मला पाच पानांच्या अहवालापेक्षा जास्त सांगते.

---

मालवी_मैना

आमच्या भागात ३० रोपं लावली होती, मोजली नव्हती. उद्या सकाळी मोजून सांगते.

---

कान्हकाठ

मी सांडपाण्याच्या कामात आहे. कुठे, ते लिहीत नाही. पण धाग्यात नाल्याचा विषय निघाला म्हणून राहवत नाही.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर कष्टाने झालेलं आहे. माझ्या लहानपणी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून जाताना आई पदर नाकाला लावायची. कान्ह म्हणजे नदी आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं, सगळे 'नाला'च म्हणायचे. मग नाला टॅपिंग झालं. म्हणजे काय, तर काठावरच्या घरांचे, दुकानांचे, कारखान्यांचे जे पाइप थेट नदीत उघडत होते, ते एकेक शोधून बंद करायचे आणि सिव्हरच्या मुख्य लाइनला जोडायचे. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. कित्येक पाइपांचा कागदच नसतो. आमची माणसं घरात रंगाचं पाणी ओतायची आणि दुसरा माणूस नदीत उभा राहून रंग कुठून येतो ते बघायचा. ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय बाहेर न सोडणारं शहर, ठरलं, त्यामागे हे आहे.

आता दुसरी बाजू. पाण्याची घाण आम्ही बीओडीने मोजतो. पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, तो हा आकडा. घरगुती सांडपाण्यात तो लिटरला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. नदीत माणसाने अंघोळ करायची तर तो ३ च्या वर नको आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ५ पेक्षा कमी नको, असा आपल्या देशाचा निकष आहे. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटमध्ये हवा सोडणारे ब्लोअर अखंड चालावे लागतात. ते बंद पडले की टाकीतले उपयोगाचे जिवाणू गुदमरतात आणि ती टाकी पुन्हा मार्गी लागायला दिवस जातात. रात्री दोनला ब्लोअरचा आवाज बदलला तर झोपेतून उठणारी माणसं या कामात आहेत. पावसाळ्यात गटारात पावसाचं पाणी शिरतं, प्लँटच्या क्षमतेपेक्षा जास्त येतं, आणि जास्तीचं पाणी तसंच पुढे जातं.

आता ही कान्ह पुढे उज्जैनला जाऊन त्रिवेणीजवळ क्षिप्रेला मिळते. तिथे दरवर्षी स्नानाआधी मातीचा कच्चा बांध घालतात, कान्हचं पाणी अडवतात, आणि जोराचं पाणी आलं की बांध वाहून जातो. २०१४ मध्ये नर्मदेचं पाणी क्षिप्रेत आणलं, तरी हा प्रश्न सुटला नाही. आता २०२८ च्या सिंहस्थासाठी दोन मोठी कामं चालू आहेत. एक, कान्ह-सरस्वतीवर तीन नवे प्लँट, मिळून दिवसाला १९.५ कोटी लिटरचे, केंद्राच्या नमामि गंगे योजनेतून ५११ कोटी. दुसरं, कान्हचं पाणी सुमारे ३० किलोमीटरच्या बंद मार्गाने उज्जैनला वळसा घालून पुढे सोडायचं, ९०० कोटींहून जास्त खर्चाचं. पहिलं काम पाणी शुद्ध करतं. दुसरं काम मैलं पाणी घाटावरून हलवून खालच्या गावांकडे पाठवतं. हिशेबात दोन्ही 'क्षिप्रा शुद्धीकरण' या एकाच मथळ्याखाली येतात, हे मला पटत नाही. खालच्या गावांतही माणसं गुरं धुतात, शेतीला पाणी घेतात.

माझी मागणी: त्रिवेणीच्या आधी आणि नंतर, दर महिन्याला, बीओडी आणि ऑक्सिजन. दोन आकडे. चौकात फळ्यावर लिहा. भाव लिहितात ना मंडईत, तसे.

---

माहेर_ग्वाल्हेर

कान्हकाठ दादा, तुमचं वाचून माझ्या माहेरची, ग्वाल्हेरची स्वर्णरेखा नदी आठवली. आजी सांगायची की शहराच्या लष्कर भागातून ती वाहायची. आता तिच्या तळाला आणि काठाला काँक्रीट आहे. पाणी जमिनीत मुरणार कुठून? कोर्टात प्रकरण वर्षानुवर्षं चालू आहे. राज्याचा हिशेब करताना इंदूर-भोपाळच्या पलीकडेही बघा, एवढंच म्हणायचं होतं.

---

गिरणीचा_भोंगा

मी मालवा मिलच्या बाजूला वाढलो. वडील या पट्ट्यातल्या एका गिरणीत साच्यावर होते. तुम्ही झाडं जगण्याबद्दल लिहिलंत, मी न लावता जगलेल्या झाडांबद्दल लिहितो.

हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. साधारण ४२ एकर जागा, फाटक बंद. यंत्रं गेली, शेड पडल्या, आणि तीस वर्षांत त्या भिंतींआड जंगल उभं राहिलं. पिंपळ, उंबर, कडुनिंब, बाभूळ, पक्ष्यांनी आणलेली, वाऱ्याने आणलेली. कुणी खड्डा खणला नाही, कुणी पाणी घातलं नाही. मेच्या दुपारी त्या भिंतीलगतच्या गल्लीत शिरलं की अंगाला फरक कळतो. मी मुलाला सायकल शिकवली ती त्याच गल्लीत, कारण तिथे सावली आहे.

आता तिथे बांधकाम व्हायचं आहे. शहरातले लोक झाडं वाचवा म्हणून उभे राहिले, मीही त्यात उभा होतो. पण मला एक गोष्ट सतत टोचते, ती इथे मन मोकळं करून लिहितो. त्या मिलच्या जवळपास ४,८०० कामगारांना त्यांचे थकलेले पैसे मिळाले ते २५ डिसेंबर २०२३ ला, बत्तीस वर्षांनी, २२४ कोटी. आमच्या गल्लीतल्या किती जणांचे पैसे त्यांच्या विधवांच्या हातात गेले. आणि ते पैसे निघाले याच जमिनीच्या व्यवहारातून. मग मी भिंतीपाशी उभं राहून 'एकही झाड तोडू नका' म्हणतो तेव्हा शेजारच्या मावशींच्या डोळ्याला डोळा भिडवताना मला जड जातं. त्यांनी मात्र एकदा मला सांगितलं, "पैसे आमचे होतेच रे. झाडांनी कुणाचं काही घेतलं नव्हतं."

मला असं वाटतं की अशी जागा विकास आणि पर्यावरण अशा दोन खात्यांत वाटताच येत नाही. पण निदान हे तरी लिहा: बारा लाख रोपं लावली त्याच शहरात पूर्ण वाढलेली किती झाडं काढायची परवानगी दिली. दोन्ही आकडे एका पानावर. आज लावलेलं रोप त्या पिंपळाएवढी सावली द्यायला मला वाटतं माझा मुलगा म्हातारा होईल.

---

लोकमान्यनगरकर

भोंगादादा, मावशींचं वाक्य वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. 'काढलेली झाडं' हा रकाना मी माझ्या मूळ मागणीत घालायला हवा होता. घालतो.

---

निवृत्त_बाबू

मी राज्य सरकारच्या नोकरीत ३४ वर्षं होतो, असे हिशेब तयार करणाऱ्यांतला एक. म्हणून थोडं आतलं सांगतो. सरकारची बाजू घेतो असं वाटलं तरी चालेल.

रोपाचा खर्च ज्या आर्थिक वर्षात होतो त्याच वर्षात दाखवावा लागतो. जुलैत लावलं, ३१ मार्चला वर्ष संपलं. त्या दिवशी ते रोप जिवंत असतं, कारण खरा मारा एप्रिल ते जूनमध्ये होतो. म्हणजे वर्षाचा हिशेब बंद होतो तेव्हा हिशेब बरोबरच असतो! पुढच्या वर्षी त्या रोपाचं खातंच बंद. नवं वर्ष, नवं लक्ष्य, आणि पुष्कळदा तोच खड्डा. यात कुणी खोटं बोलत नाही, फॉर्ममध्ये तो रकानाच नाही.

वन खात्याकडे ही सोय जुनी आहे. जंगलातल्या रोपवनाला पुढची काही वर्षं राखणीचा पैसा मिळतो, त्याची पंजी (नोंदवही) ठेवतात, किती जगली ते मोजतात. शहरात रोप लागलं की ते ना वन खात्याचं, ना धड बगीच्यांच्या विभागाचं. म्हणून माझी सूचना व्यवहाराची आहे: रोपामागचा पैसा तीन हप्त्यांत द्या. लावताना एक, पहिला उन्हाळा पार पडल्यावर दुसरा, तिसऱ्या पावसाळ्यात जिवंत दिसल्यावर तिसरा. ठेकेदार स्वतःच टँकर पाठवेल.

हवामान बदलाबद्दलही एक. राज्याचा हवामान कृती आराखडा २०१४ मध्ये निघाला, भोपाळची एप्को ही संस्था ते काम बघते. आराखड्यात शेती, पाणी, जंगल, आरोग्य सगळं आहे. पण जिल्ह्याच्या बैठकीत मी पाहिलं आहे, प्रत्येक खातं आपलं जुनंच काम त्या आराखड्याच्या नावाखाली लिहून देतं. कालवा होताच, त्याला 'अनुकूलन', म्हणजे हवामान बदलाशी जुळवून घेणं, म्हणायचं. माझ्याकडूनही असं लिहून गेलं आहे, तेव्हा वेळ नव्हता. आज त्याची खंत वाटते.

---

बाँडवाली

वीज आणि पैशावर कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घ्यायचे कर्जरोखे, काढले, २४४ कोटींचे, ८.२५ टक्क्यांनी. सामान्य माणसालाही घेता आले. मी निवृत्तीच्या पैशातून थोडे घेतले, आयुष्यात पहिल्यांदा मुदत ठेवीव्यतिरिक्त काही घेतलं. कारण मला पटलं होतं: आपलं पिण्याचं पाणी निमाडातल्या जलूदहून सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ चढून येतं. १९७० चं नर्मदा आंदोलन झालं, १९७८ मध्ये पाणी आलं, तेव्हापासून प्रत्येक तांब्यामागे वीज जळते. ती वीज सूर्याची व्हावी म्हणून जलूदला ६० मेगावॉटचा प्रकल्प, त्यासाठी हे बाँड.

व्याज वेळेवर येतं, तक्रार नाही. पण व्याजाच्या निरोपासोबत मला अजून एक ओळ हवी आहे: या सहा महिन्यांत या प्रकल्पाने इतकी युनिट वीज केली, पंपांचं बिल इतकं कमी झालं. बाँड घेताना मी व्याजाचा दर पाहिला नव्हता, तो सूर्य पाहिला होता.

राज्यालाही हेच लागू. रीवाच्या सौरप्रकल्पाची वीज पहिल्या वर्षी २ रुपये ९७ पैसे दराने ठरली तेव्हा देशभर चर्चा झाली, दिल्ली मेट्रोलाही ती वीज जाते. उत्तम काम. पण त्याच विंध्य भागात, सिंगरौलीत, देशातलं सर्वांत मोठं औष्णिक केंद्र आहे, ४,७६० मेगावॉटचं. त्याची राख, त्याचा धूर हाही याच राज्याच्या हवामानाचा भाग. सौरऊर्जेचे मेगावॉट सांगताना कोळशाची किती वीज कमी झाली ते सांगत नाहीत. विजेची मागणीच वाढली तर सूर्य नुसता भर घालतो, कोळसा तिथेच राहतो.

---

पिथमपूर_शिफ्ट

पिथमपूरला कामाला जातो, राहायला राऊला. जानेवारी २०२५ मध्ये युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा भोपाळहून आमच्याकडे आला तेव्हा आमच्या बसमध्ये दुसरा विषयच नव्हता. चाळीस वर्षं तो तिथे पडून होता, हा भोपाळच्या लोकांवर केवढा अन्याय. तो कुठेतरी जाळायलाच हवा होता हे मला मान्य आहे. पण आमच्या गावांशी आधी बोलायला हवं होतं. लोक रस्त्यावर उतरल्यावर समजावणं सुरू झालं. कोर्टाच्या देखरेखीखाली चाचण्या झाल्या आणि जूनअखेर सगळा जळून संपला.

'संपला' म्हणतात तिथेच आमची भीती सुरू होते, कारण राख उरली आहे. आमच्या बाजूच्या विहिरी, गंभीर नदी, पुढे यशवंत सागर. वरच्या प्रतिसादात सारसाचं वाचलं, तोच. मला कुणावर आरोप करायचा नाही. पुढची दहा वर्षं, दर पावसाळ्यानंतर, आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तपासून आकडा ग्रामपंचायतीत लावा. लोकमान्यनगरकरांच्या झडतीत हा रकाना घ्या, एवढी हात जोडून विनंती.

---

मालवी_मैना

मोजली. तीसपैकी बावीस! माझाच विश्वास बसेना म्हणून सासूबाईंना घेऊन दुसऱ्यांदा गेले.

आमच्या गल्लीत काय वेगळं झालं ते शोधलं. आमची कचरागाडी रोज सात-सव्वासातला येते. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं येतं ते याच सवयीमुळे, ओला वेगळा, सुका वेगळा, आता तर डायपर आणि बल्बसुद्धा वेगळे. ओला कचरा देवगुराडियाच्या प्लँटला जातो, दिवसाला ५५० टनांचा प्लँट, त्याच्या गॅसवर सिटी बस चालतात. तर आमच्या गाडीवरची ताई, तिने गेल्या उन्हाळ्यात घराघरांत सांगितलं की गाडीला कचरा द्यायला बाहेर येताच आहात तर येताना एक तांब्या पाणी आणा आणि आपापल्या दारासमोरच्या रोपाला घाला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सव्वासातला गाडी, सव्वासातला पाणी. जी आठ गेली ती सगळी कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटसमोरची, जिथे घर नाही.

---

लोकमान्यनगरकर

मैनाताई, हे वाचून मी आणि काका सकाळीच आमच्या गाडीवाल्या भैय्याशी बोललो. त्याला कल्पना आवडली, फक्त तो म्हणाला गाडी थांबते तिथपासून बगीचा लांब आहे. तेव्हा कुंपणाजवळच्या आठ घरांनी एकेक वार वाटून घेतला आहे, वहिनी मुख्य.

निवृत्त_बाबू साहेब, तीन हप्त्यांची सूचना मी आमच्या नगरसेवकांना द्यायच्या पत्रात घातली आहे. सोबत कान्हकाठ यांचे त्रिवेणीचे दोन आकडे, सिरपूरची जानेवारीतली पक्षीगणना, काढलेल्या झाडांचा रकाना, जलूदची युनिट आणि पिथमपूरच्या विहिरी. ग्वाल्हेरच्या ताईंनी स्वर्णरेखेवर चार ओळी पाठवल्या तर त्याही जोडतो. पत्र मराठीत लिहिलं, आता हिंदी करतोय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी शनिवारी संध्याकाळी बगीच्यात यावं.

आणि वही पुढे चालू. आजची नोंद: कदंब, विजेच्या खांबाजवळचा, नवी चार पानं. करंज क्रमांक ३, गार्ड वाकलेला, काकांनी सुतळीने बांधला. कडुनिंब क्रमांक ७, बुंध्याला वाळवी. उद्या गेरू-चुना लावायचा. रिकाम्या पंचवीस खड्ड्यांपैकी अकरा खड्ड्यांत पाऊस आहे तोवर पुन्हा रोपं लावतो आहोत, पण ती वहीत वेगळ्या पानावर, या वर्षाची म्हणून.